पी नावाची भुकटी

फोडणीत सुकी मिरची करपली की घरातल्या सगळ्यांनाच ठसका लागतो. निरोगी माणूस खिडकी उघडतो, चार वेळा खोकतो आणि विसरून जातो. दमेकऱ्याची छाती मात्र आवळते, श्वासाबरोबर शीळ वाजू लागते आणि पुढचे तास-दोन तास कठीण जातात. वास्तविक मिरचीच्या धुराविरुद्ध त्याच्या रक्तात प्रतिद्रव्ये तयार झालेली नसतात. त्याची ॲलर्जी असते ती घरातील धुळीतल्या सूक्ष्म किड्यांशी, परागकणांशी किंवा बुरशीशी. मग धूर, थंड हवा, उग्र अत्तर यांनीही तोच परिणाम का व्हावा, या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग श्वासनलिकेच्या अस्तरात पसरलेल्या बारीक चेतातंतूंमध्ये आहे. हे तंतू केवळ संवेदना मेंदूकडे पोहोचवत नाहीत. ते आपल्या टोकांतून पेप्टाइडे, म्हणजे अमिनो आम्लांच्या आखूड साखळ्या, बाहेर सोडतात. अशा पेप्टाइडांपैकी पहिले हाती लागले ते एका पंचवीस वर्षांच्या स्वीडिश डॉक्टरच्या, आणि तेही तो दुसरेच काही शोधत असताना. त्यांचे नाव उल्फ फॉन ऑयलर.

७ फेब्रुवारी १९०५ रोजी स्टॉकहोममध्ये ज्या घरात उल्फ जन्मले, त्या घरात विज्ञान हा जेवणाच्या टेबलावरचा विषय होता. वडील हान्स फॉन ऑयलर-केल्पिन जर्मनीतील आउग्सबुर्गचे. थोर गणितज्ञ लेओनहार्ड ऑयलर यांच्या घराण्याशी त्यांचे नाते होते. रसायनशास्त्रज्ञ म्हणून ते स्वीडनमध्ये आले आणि तिथलेच झाले. आजोबा पेर तेओदोर क्लेव्ह हे उप्सालाचे नामवंत प्राध्यापक. होल्मियम आणि थुलियम या दोन मूलद्रव्यांचा शोध त्यांच्या नावावर आहे. नातवाच्या जन्मानंतर काही महिन्यांतच ते वारले. मुलाचे मधले नाव स्वान्ते ठेवण्यात आले, कारण त्याचे धर्मपिता स्वान्ते अऱ्हेनियस होते, ज्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक १९०३ मध्येच मिळाले होते.

एवढ्या थोर पुरुषांच्या यादीत आईचे नाव सहसा शेवटी येते. ते आधी यायला हवे होते. ॲस्ट्रिड क्लेव्ह यांनी १८९८ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, उप्साला विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली. विज्ञान विषयात ती पदवी घेणाऱ्या त्या स्वीडनमधील पहिल्या स्त्री. वनस्पतिशास्त्र आणि रसायनशास्त्र या दोन्हींत त्यांची गती होती. विवाहानंतर त्यांनी पतीबरोबर शोधनिबंध लिहिले, पाच मुलांना जन्म दिला आणि १९१२ मध्ये घटस्फोट झाल्यावर शाळेत शिकवून संसार सावरला. पुढे त्यांनी एका वनसंशोधन प्रयोगशाळेचे नेतृत्व केले आणि पाण्यातील सूक्ष्म डायॅटम वनस्पतींवर उतारवयापर्यंत काम केले. त्यांना प्राध्यापक ही मानद उपाधी मिळाली तेव्हा त्या ऐंशी वर्षांच्या होत्या. उल्फ सात वर्षांचे असताना घर मोडले होते. वडिलांचा दबदबा आणि आईची उपेक्षा अशा दोन्ही गोष्टी त्यांनी जवळून पाहिल्या. वडिलांना १९२९ मध्ये नोबेल मिळाले, तेव्हा मुलगा अजून प्रबंधावर काम करत होता.

स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का इन्स्टिट्यूटमध्ये १९२२ पासून त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले. औषधशास्त्राचे प्राध्यापक योरान लिल्येस्ट्रांड यांच्या हाताखाली तयार होऊन १९३० मध्ये त्यांनी डॉक्टरेट पूर्ण केली. रॉकफेलर शिष्यवृत्ती मिळताच परदेशी जाऊन काम शिकण्याचे ठरले आणि पहिला मुक्काम पडला लंडनच्या हॅम्पस्टेड भागातील राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेत, हेन्री डेल यांच्याकडे.

डेल हे त्या काळी शरीरक्रियाशास्त्रातले मोठे प्रस्थ. हिस्टामीन या द्रव्यावर त्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी काम केले होते. ते टोचले असता प्राण्याच्या श्वासनलिका आकसतात आणि रक्तदाब कोसळतो, म्हणजे तीव्र ॲलर्जीत जे घडते त्याच्याशी त्याचे साम्य आहे, हे त्यांनी दाखवले होते. १९३० मध्ये त्यांचे लक्ष दुसरीकडे होते. चेतातंतू स्नायूला आज्ञा देतात ती विजेने की रसायनाने, हा तेव्हाचा ऐरणीवरचा प्रश्न. रसायन असेल तर ते ॲसिटिलकोलिन असावे, असा डेल यांचा कयास होता. आतड्याकडे जाणारी व्हेगस ही चेता चेतवली असता आतड्यातून ॲसिटिलकोलिन बाहेर पडते का, हे पाहण्याचे काम त्यांनी नव्या पाहुण्याकडे सोपवले.

पद्धत साधी पण नाजूक होती. सशाच्या आतड्याचा एक तुकडा कोमट क्षारद्रावणात टांगायचा. त्याला एक हलकी तरफ जोडायची. तरफेचे टोक काजळी धरलेल्या फिरत्या नळकांड्यावर रेघ ओढत राहते. आतडे आकसले की रेघ वर जाते, सैल पडले की खाली येते. द्रावणात तपासायच्या अर्काचे थेंब सोडायचे आणि रेघ पाहायची. फॉन ऑयलर यांनी आतड्याचाच अर्क काढून तो घातला, तेव्हा रेघ अपेक्षेप्रमाणे वर गेली. आता फक्त पडताळा उरला होता. ॲट्रोपीन हे औषध ॲसिटिलकोलिनचा परिणाम रोखते. ते आधी घातले तर आतडे शांत राहायला हवे होते.

ते शांत राहिले नाही. ॲट्रोपीन असतानाही तुकडा आकसत राहिला.

नवशिक्याच्या हातून झालेली गफलत म्हणून हे सहज बाजूला टाकता आले असते. अर्कात काही भेसळ असेल, ॲट्रोपीन कमी पडले असेल, अशी डझनभर कारणे प्रयोगशाळेत नेहमीच तयार असतात. शिवाय अपेक्षित उत्तराच्या मागे खुद्द डेल यांचा कयास उभा होता. फॉन ऑयलर यांनी ती वाट घेतली नाही, आणि डेल यांनीही पाहुण्याला ठरलेल्या कामाकडे परत ढकलले नाही; उलट आपले सहकारी जॉन गॅडम यांना त्याच्या जोडीला दिले. गॅडम वयाने पाचच वर्षांनी मोठे, पण मोजमापात अत्यंत काटेकोर. दोघांनी घोड्याच्या आतड्यांचे आणि मेंदूचे अर्क काढले, ते शुद्ध करत नेले. या अर्काने सशाचा रक्तदाब उतरत होता आणि आतडे आकसत होते. तो ॲसिटिलकोलिन नव्हता, हिस्टामीनही नव्हता. १९३१ मध्ये त्यांनी शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्याच्या शीर्षकातच हे द्रव्य अनोळखी असल्याची प्रांजळ कबुली होती.

अर्क वाळवून त्याची भुकटी केली जाई आणि नोंदवहीत त्या प्रमाणित भुकटीसाठी पी हे अक्षर वापरले जाई. तेच नाव चिकटले. आजही वैद्यकशास्त्रात या द्रव्याला सबस्टन्स पी म्हणतात. पुढे वेदनेशी त्याचा संबंध सिद्ध झाल्यामुळे पी म्हणजे वेदनेचे इंग्रजी आद्याक्षर, अशी समजूत अनेक डॉक्टरांचीही असते. मूळ पी हा केवळ बाटलीवरच्या चिठ्ठीतला आहे. शोधकर्त्याने आपल्या शोधाला भारदस्त ग्रीक नाव देण्याच्या त्या काळात हे नाव अगदीच कारकुनी वाटते. पण ज्याची ओळखच पटलेली नाही त्याला मोठे नाव न देण्यात एक सचोटीही होती.

स्टॉकहोमला परतल्यावर फॉन ऑयलर यांनी या भुकटीचा पाठपुरावा केला. प्रथिने पचवणाऱ्या विकराने तिचा प्रभाव नष्ट होतो, म्हणजे ती प्रथिनाच्या जातीची असावी, एवढे त्यांनी १९३० च्या दशकातच दाखवले. त्यापलीकडे जाण्याची साधने त्या काळी कोणाकडेच नव्हती. आणि शोधताना दुसरेच काही सापडण्याचा त्यांचा योग संपलेला नव्हता. इतर अवयवांत सबस्टन्स पी आहे का, हे पाहताना वीर्यात आणि त्याच्याशी संबंधित ग्रंथींत त्यांना आणखी एक द्रव्य आढळले. ते मेदाम्लाच्या जातीचे होते. प्रोस्टेट ग्रंथीवरून १९३५ मध्ये त्यांनी त्याला प्रोस्टाग्लँडिन असे नाव दिले. दहा वर्षांनी आपल्याजवळचा अर्क त्यांनी सुने बर्गस्ट्रम या तरुण जीवरसायनशास्त्रज्ञाच्या स्वाधीन केला. बर्गस्ट्रम आणि त्यांचे शिष्य बेंग्ट सॅम्युएलसन यांनी त्या धाग्यावरून जे उकलले, त्याला १९८२ मध्ये जॉन व्हेन यांच्याबरोबर नोबेल मिळाले. सॅम्युएलसन यांनी उजेडात आणलेली ल्युकोट्राइन ही द्रव्ये ॲलर्जीच्या दम्यात श्वासनलिका आकसवणारी प्रमुख द्रव्ये ठरली. आज दम्याच्या रुग्णाला दिली जाणारी माँटेल्युकास्टची गोळी त्यांच्याविरुद्धच काम करते. हा वाटा फॉन ऑयलर यांचा मानायचा की नाही, यावर वाद होऊ शकतो. पण जपून ठेवलेला अर्क दुसऱ्याच्या हाती देणारे संशोधक फार नसतात, हे मान्य करावे लागेल.

फुप्फुसांशी त्यांचा थेट संबंधही आला. आपले गुरू लिल्येस्ट्रांड यांच्याबरोबर मांजरांवर केलेल्या प्रयोगांतून १९४६ मध्ये त्यांनी दाखवले की श्वासातला प्राणवायू कमी झाला की फुप्फुसातील रक्तवाहिन्या आकसतात. शरीराच्या इतर भागांत याच्या उलट घडते. यातला शहाणपणा लक्षात यायला वेळ लागतो. फुप्फुसाच्या ज्या कोपऱ्यात हवा पोहोचत नाही, तिथे रक्त पाठवून उपयोग नाही. म्हणून शरीर ते हवा असलेल्या भागाकडे वळवते. दम्याच्या झटक्यात कफाने काही श्वासनलिका बुजतात तेव्हा रुग्णाच्या रक्तातला प्राणवायू जितका टिकून राहतो, त्याचे श्रेय काही अंशी या व्यवस्थेला जाते. पाठ्यपुस्तकांत ती ऑयलर-लिल्येस्ट्रांड यंत्रणा म्हणून ओळखली जाते.

त्याच वर्षी त्यांच्या हातून जे काम झाले त्याने त्यांचे नाव जगभर झाले. शरीराला धोक्याच्या प्रसंगी सज्ज करणाऱ्या सिंपथेटिक चेतातंतूंच्या टोकांशी कोणते द्रव्य सुटते, यावर दोन दशके वाद चालू होता. ते ॲड्रिनॅलिन असावे असा बहुतेकांचा समज होता. फॉन ऑयलर यांनी ते ॲड्रिनॅलिनचे जवळचे भावंड, नॉरॲड्रिनॅलिन, असल्याचे सिद्ध केले आणि पुढे निल्स-ओके हिलार्प यांच्याबरोबर ते चेतातंतूंतील सूक्ष्म कणिकांत साठवलेले असते हेही दाखवले. याबद्दल १९७० चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक त्यांना ज्युलियस ॲक्सेलरॉड आणि बर्नार्ड कात्झ यांच्यासमवेत मिळाले. त्या वेळी ते नोबेल प्रतिष्ठानच्या अध्यक्षपदी होते. त्याआधी वैद्यकाच्या नोबेल समितीचे सदस्य आणि सचिव म्हणूनही त्यांनी बरीच वर्षे काम केले होते. निवड करणारी कारोलिन्स्का इन्स्टिट्यूट आणि निधी सांभाळणारे प्रतिष्ठान या दोन वेगळ्या संस्था आहेत, हे खरे. तरीही ही जवळीक डोळ्यांत भरते. त्यांच्या कामाचा दर्जा निर्विवाद होता म्हणूनच तिच्यावरून गदारोळ झाला नाही.

हे सगळे होत असताना ती जुनी भुकटी मात्र जवळजवळ चाळीस वर्षे अनोळखीच राहिली. १९५३ मध्ये ऑस्ट्रियाचे फ्रेड लेम्बेक यांनी असे मांडले की पाठीच्या कण्यात शिरणाऱ्या संवेदी चेतांच्या मुळांत हे द्रव्य भरपूर आढळते, म्हणजे वेदनेचा निरोप नेण्याचे काम त्याचे असावे. फॉन ऑयलर यांचे विद्यार्थी बेंग्ट पर्नोव यांनी त्याच काळात ते कोणकोणत्या ऊतींत किती असते याचा तपशीलवार शोध घेतला. कोडे सुटले ते अमेरिकेत, आणि पुन्हा चुकून. सुसान लीमन मेंदूच्या तळाशी असलेल्या भागाच्या अर्कात एक संप्रेरक शोधत होत्या. अर्क टोचला की उंदरांच्या तोंडातून लाळ गळू लागे. त्यांनी मूळ शोध बाजूला ठेवून लाळेचा माग काढला आणि ते द्रव्य सबस्टन्स पी असल्याचे निष्पन्न झाले. १९७१ मध्ये त्याची पूर्ण रचना प्रसिद्ध झाली. ती अकरा अमिनो आम्लांची साखळी होती.

रचना कळल्यावर ते कारखान्यात बनवता येऊ लागले, त्याच्याविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार झाली आणि ती वापरून शरीरात ते नेमके कुठे आहे हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसू लागले. श्वासनलिकेच्या अस्तराखाली, रक्तवाहिन्यांभोवती, ग्रंथींजवळ आणि स्नायूंमध्ये या पेप्टाइडाचे धागे पसरलेले दिसले. हंगेरीतील सेगेद येथे मिक्लोश यांचो यांनी त्याआधीच एक विलक्षण गोष्ट पाहिली होती. मिरचीला तिखटपणा देणारे कॅप्सायसिन प्राण्याला वारंवार टोचले की काही संवेदी चेतातंतू निकामी होतात, आणि त्यानंतर डोळ्यांत तिखट घातले तरी डोळा लाल होत नाही. जळजळ, लाली आणि सूज ही जखमेमुळेच नव्हे तर चेतातंतूंमुळेही येते, हे त्यातून उघड झाले. पोर्तुगीज जहाजांतून आपल्या किनाऱ्यावर उतरून इथल्या प्रत्येक स्वयंपाकघरात शिरलेल्या पदार्थाने चेताविज्ञानाला आपले सर्वांत उपयोगी हत्यार द्यावे, ही गोष्ट गोव्यात वाचताना अधिकच गमतीची वाटेल. कॅप्सायसिनमुळे या तंतूंतील सबस्टन्स पीचा साठा रिता होतो, हे नंतर समजले.

१९७६ मध्ये स्टॉकहोममध्ये केवळ सबस्टन्स पी या विषयावर नोबेल परिसंवाद भरला. फॉन ऑयलर आणि पर्नोव हे त्याचे आयोजक आणि त्यावरील ग्रंथाचे संपादक. ज्या भुकटीचा अर्क त्यांनी पंचविशीत काढला होता, तिच्यावर जगभरातले संशोधक बोलत असताना ऐकणाऱ्या या गृहस्थाचे वय तेव्हा एकाहत्तर होते.

९ मार्च १९८३ रोजी ते स्टॉकहोममध्ये निवर्तले. त्याच महिन्यात कारोलिन्स्काचे यान लुंडबर्ग आणि ऑस्ट्रियाचे आलोइस सारिया यांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. उंदरांना सिगारेटचा धूर दिला की त्यांच्या श्वासनलिकेच्या अस्तरातील रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरतो आणि अस्तर सुजते. कॅप्सायसिनने ज्यांचे संवेदी चेतातंतू निकामी केले होते, त्या उंदरांत हे घडले नाही. धूर तोच, श्वासनलिका तीच. फरक फक्त पेप्टाइड सोडणाऱ्या तंतूंचा. तीन वर्षांनी लंडनचे पीटर बार्न्स यांनी दम्याविषयी एक गृहीतक मांडले. ॲलर्जीच्या दाहाने श्वासनलिकेचे आवरण झडते, खालचे तंतू उघडे पडतात. त्यांना धूर किंवा थंड हवा लागली की संदेश मेंदूकडे तर जातोच, पण त्याच तंतूच्या बाजूच्या फाट्यांतून उलटही धावतो आणि तिथे सबस्टन्स पी व त्याचे भावंड न्यूरोकायनिन ए यांचा मारा होतो. फोडणीच्या ठसक्याने दमेकऱ्याची छाती का आवळावी, याचे हे पहिले सुसंगत स्पष्टीकरण होते.

ही पेप्टाइडे पेशींच्या पृष्ठभागावरील ग्राहींना, म्हणजे रिसेप्टरांना, चिकटून काम करतात. क्योतोच्या शिगेतादा नाकानिशी यांच्या गटाने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात या ग्राहींची जनुके वेगळी केली. त्यांचे तीन प्रकार आहेत. पहिल्याला, एनके-१ ला, सबस्टन्स पी अधिक ओढीने बिलगते. त्यातून रक्तवाहिन्या पाझरतात आणि कफ सुटतो. दुसरा, एनके-२, न्यूरोकायनिन एला प्रतिसाद देतो आणि श्वासनलिकेचा स्नायू आकसवतो. निरोगी अस्तरात ही पेप्टाइडे तोडणारे एक विकर असते. विषाणूच्या संसर्गाने किंवा धुराने ते कमी झाले की पेप्टाइडांचा प्रभाव लांबतो. सर्दी झाली की दमा बळावतो, त्यामागे हेही एक कारण असावे.

कुलुपे सापडली, त्यांना बंद करणारी औषधेही तयार झाली, आणि नव्वदच्या दशकात दमा आटोक्यात आणण्याचा नवा मार्ग खुला झाल्याची आशा पसरली. गिनीपिगांत ही औषधे उत्तम चालली. माणसांत निराशा झाली. हुंगवलेल्या न्यूरोकायनिन एने येणारे आकुंचन काही औषधांनी रोखले, पण प्रत्यक्ष दम्यात रुग्णाला आराम पडेल असा परिणाम दिसला नाही. माणसाच्या श्वासनलिकेत हे तंतू गिनीपिगाच्या मानाने विरळ असतात, आणि दम्यात एकच द्रव्य नव्हे तर डझनभर द्रव्ये एकाच वेळी कार्यरत असतात. एक दार बंद केले तरी दाह दुसऱ्या दाराने आत येतो. हिस्टामीनविरोधी गोळ्यांच्या बाबतीतही असेच झाले होते: शिंका थांबल्या, दमा थांबला नाही. श्वासातून घेण्याची स्टिरॉइडे आजही या रोगाचा मुख्य उपचार आहेत आणि नव्या औषधांच्या आशेने ती मध्येच सोडणे धोक्याचे ठरते.

एनके-१ ग्राही बंद करणाऱ्या औषधाला मात्र वेगळीच वाट मिळाली. कर्करोगाच्या उपचारांत होणाऱ्या असह्य उलट्या थांबवण्यासाठी ॲप्रेपिटंट २००३ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. खोकल्याचा प्रतिक्षेपही याच पेप्टाइडावर अवलंबून असल्याने मुंबईत परळच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉक्टरांनी ते बळावलेल्या फुप्फुस-कर्करोगाच्या रुग्णांना खोकल्यासाठी देऊन पाहिले. इतर कशानेही न थांबणारा खोकला त्या औषधाने लक्षणीयरीत्या कमी झाल्याचे त्यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केले.